दाढीचं सामान आणि व्याह्यांची हनुवटी

माईंची बॅग अर्ध्या तासात भरून झाली. अण्णांची दाढी मात्र काही केल्या भरून होईना.

अण्णांची सगळी हयात वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली होती. सोनाराकडचे, औषधाच्या दुकानातले, फुंकर मारली तरी हलणारे काटे. त्यामुळे ‘साधारण’, ‘अंदाजे’, ‘चालतंय की’ हे शब्द त्यांना शिवीसारखे लागायचे. दाढीच्या बाबतीत तर विचारूच नका. रोज सकाळी ब्रश कोमट पाण्यात भिजत घालायचा, वाटीत साबणाचा फेस घोटायचा, रेझर एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर फिरवायचा, मग गार पाणी, मग तुरटी, मग पुन्हा गार पाणी. तेवढा वेळ घराला आग लागली तरी न्हाणीघराचं दार वाजवायचं नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

आता लेकीकडे जायचं होतं. लेक, जावई, दोन-अडीच वर्षांची नात आणि लेकीचे सासू-सासरे असं ते घर. जावयाने विमानाची तिकिटं काढून दिली आणि फोनवर बजावलं, “अण्णा, प्रत्येकी एकच छोटी बॅग. हातातली. आणि ब्लेडं अजिबात घेऊ नका, विमानात चालत नाहीत. इकडे मिळतील.”

“मिळतील ना नक्की?”

“अहो, दाढ्या इकडेही करतात.”

अण्णांना तेवढ्यावर समाधान मानावं लागलं. पण बाकीचं सामान तर न्यायलाच हवं. ब्रश असाच बॅगेत टाकला तर केस दबणार. म्हणून त्यांनी औषधाच्या गोळ्यांची एक रुंद बाटली शोधली, ब्रश आत उभा बसवला आणि ओला ब्रश कुबट होऊ नये म्हणून झाकणाला बारीक भोकं पाडली. साबणाची वडी डबीत बसेना, म्हणून तारेने तिच्या कडा तासल्या. तासलेला भुगा वाया जाऊ नये म्हणून तो वेगळ्या डबीत भरला. तुरटी रुमालात गुंडाळली. रेझर सुटा करून न्यावा की जोडलेला, यावर बराच खल झाला. सारखं उघडझाक केल्याने आटे झिजतात, म्हणून जोडलेलाच नेऊ असं ठरलं. तो पायमोज्यात गेला. मग बॅग उचलून त्यांनी कानाशी हलवून पाहिली. काहीतरी खडखडलं. सगळं पुन्हा बाहेर.

“आपण नातीला भेटायला चाललोय की दुकान टाकायला?” माईंनी विचारलं.

“प्रवासात माणसाने नीटनेटकं दिसावं.”

“अहो, पण बॅगेत कपडे कुठेत तुमचे?”

“तुझ्या बॅगेत ठेव ना थोडे.”

“माझ्या बॅगेत तुमचेच आहेत! माझे कुठे ठेवू ते सांगा.”

निघायच्या सकाळी अण्णांनी घरची शेवटची दाढी केली, रेझर धुतला, पुसला, पायमोज्यात सरकवला. कपाटातल्या पात्यांच्या पाकिटाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि कपाट बंद केलं.

विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि परत मागे गेली. पुन्हा आली, पुन्हा मागे गेली. तपासणीवरची बाई पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती. तिने अण्णांना बाजूला घेतलं आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायला लागली. मागे रांग तुंबली.

“हे काय आहे?”

“तुरटी.”

“कशाला?”

“दाढी करताना कापलं तर लावायला.”

“कापतं कशाने?”

“पात्याने.”

“पातं कुठाय?”

“आणलंच नाही. चालत नाही ना.”

“मग कापणार कसं?”

प्रश्न बिनतोड होता.

“आणि ही पूड?”

“साबण आहे हो. तासलेला.”

बाईने पूड हुंगली, शिंकली आणि पायमोज्यातून रेझर बाहेर काढला. “हा उघडा.”

“उघडतो की. आत काही नाहीये. मी काटे दुरुस्त करणारा माणूस आहे बाई, माझी चूक होत नाही,” असं म्हणत अण्णांनी मूठ फिरवली. वरची टोपी सुटली आणि आतलं पातं टेबलावर पडलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला, पण सगळ्या रांगेने ऐकला.

सकाळी ज्या पात्याने दाढी केली, तेच. अण्णांचं तोंड पांढरंफटक पडलं. बाईने ते चिमट्याने उचलून एका डब्यात टाकलं. माई मात्र खुर्चीवर बसून, बॅग पोटाशी धरून, हसत होत्या. विमान वर गेलं तरी त्यांचं हसणं खाली येईना. “माझी चूक होत नाही,” असं मध्येच पुटपुटायच्या आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करायच्या.

लेकीच्या घरी स्वागत अगदी यथासांग झालं. नातीने अण्णांच्या चष्म्याचा ताबा घेतला. विहीणबाईंनी चहा दिला. आणि व्याही जिन्यावरून उतरले, म्हणजे खरं तर आधी त्यांची दाढी उतरली आणि मागोमाग ते.

व्याही बंदरातल्या एका मोठ्या गोदामाचे प्रमुख होते. छातीवर रुळणारी, करड्या रंगाची, भरघोस दाढी. ती बघून हमाल आवाज खाली करायचे, असं ते स्वतःच सांगत. तब्येतीने दणकट, बोलायला मात्र लोण्यासारखे.

“काही लागलं तर संकोच करू नका हं, व्याहीबुवा. घर तुमचंच आहे.”

“छे छे, संकोच कसला,” अण्णा म्हणाले. आणि मग संकोचतच म्हणाले, “एक पात्यांचं पाकीट मिळालं असतं तर…”

दुसऱ्या दिवशी दोघे व्याही पाती आणायला बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हती. मोठ्या बाजारात एक भिंतभर रेझर होते, पण सगळे प्लास्टिकचे, एकात तीन-तीन, पाच-पाच पाती बसवलेले. दुकानदाराने त्यातला एक पुढे केला. अण्णांनी तो दोन बोटांत धरला, तोलून पाहिला आणि मेलेल्या उंदरासारखा परत ठेवला. “ह्यात वजन कुठाय?”

“काका, हलकाच असतो तो. तेच तर चांगलं.”

“वजन नाही तर दाब हाताने द्यावा लागणार. हाताचा दाब रोज सारखा असतो का?”

दुकानदाराने रेझर पुन्हा भिंतीवर अडकवला.

तिसऱ्या दिवसापर्यंत अण्णांच्या गालावर पांढरे खुंट उगवले. माई म्हणाल्या, “भिजलेल्या बोक्यासारखे दिसताय.” नात गालाला हात लावून “टोचतं” म्हणाली आणि आजोबांची पापी घेणं बंद झालं. अण्णा आरशासमोरून जाताना मान फिरवू लागले. जेवणही कमी झालं.

व्याह्यांना हे बघवेना. सुनेचा बाप आपल्या घरी येतो आणि त्याला साधी दाढी करता येत नाही, म्हणजे आपल्या पाहुणचाराला बट्टाच की. त्यांनी गोदामातल्या जुन्या माणसांना फोन केले आणि पत्ता काढला. न्हाव्याकडे! न्हावी वस्तऱ्यात तेच पातं अर्धं मोडून घालतात.

न्हाव्याचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. दोन खुर्च्या, पिवळा पडलेला आरसा, आणि फळीवर पात्यांची पाकिटं अशी रचून ठेवलेली की अण्णांचे डोळे पाणावले.

“पाती विकत नाही,” न्हावी म्हणाला. “दाढी करायची तर बसा खुर्चीत.”

“माझ्या गळ्याला दुसऱ्याचं पातं लागलेलं नाही आजवर,” अण्णा म्हणाले.

“मग नाही मिळणार. मी हजामत करतो, किराणा नाही विकत. आज सकाळपासून खुर्ची रिकामी आहे आणि लोक येतात ते पाती मागायला.”

अण्णा वळले. त्यांचे खांदे असे पडले होते की व्याह्यांना राहवलं नाही. ते धाडकन खुर्चीत बसले. “हे घ्या. मी बसलो. माझी दाढी जराशी सारखी करा, अगदी जराशी, आणि ह्यांना एक पाकीट द्या.”

“व्याहीबुवा, अहो, कशाला—”

“तुम्ही बोलू नका. पाहुणे आहात.”

न्हाव्याने खूश होऊन फडकं झटकलं. पण एवढी दाढी त्याच्या कात्रीखाली बऱ्याच वर्षांत आली नसावी. डावी बाजू जराशी कापली, तर उजवी लांब दिसायला लागली. उजवी कापली, तर डावी. त्यातच त्याला शेजारच्या दुकानदाराशी भांडायचं होतं, ते तो मान मागे वळवून भांडत होता. अण्णांना दोन्ही बाजूंचा फरक स्वच्छ दिसत होता. हयातभर तेच केलं होतं त्यांनी. शेवटी न राहवून ते म्हणाले, “डावीकडे एक केसभर जास्त आहे.”

तिथेच घात झाला. न्हाव्याने चिडून मशीन लावलं.

खुर्चीतून उठले तेव्हा व्याह्यांच्या दाढीचा एका बाजूला झुपका होता आणि दुसऱ्या बाजूला गुरांनी चरून फस्त केलेलं कुरण. त्यांनी आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, “पाकीट मिळालं ना तुम्हाला?”

अण्णांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी दोघे मागच्या दाराने शिरले आणि थेट न्हाणीघरात गेले. “आता एकच उपाय,” अण्णा म्हणाले. “सगळी काढू. परवानगी असेल तर मी करतो. माझ्या हातून सहसा—” आणि विमानतळ आठवून ते थांबले.

व्याही स्टुलावर बसले, डोळे मिटले. अण्णांनी कात्रीने झुपका उतरवला आणि गोळ्यांच्या बाटलीतून ब्रश काढला. फेस घोटला, तो दाढीत गोल गोल जिरवला. व्याह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल पडला. “हे बरं वाटतंय हो,” ते पुटपुटले. अण्णांनी नवं पातं चढवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. बाहेर कोणीतरी दार वाजवलं. दोघेही एकदम ओरडले, “थांबा!”

फेसाखालून गाल आले, ओठाखालची खळी आली, आणि शेवटी एक छोटीशी, मऊ, गोल हनुवटी आली. एवढ्या मोठ्या दाढीमागे एवढीशी हनुवटी असेल असं अण्णांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी तुरटी फिरवली, गार पाणी लावलं.

दोघे बाहेर आले तेव्हा सगळे चहाला बसले होते. नातीने आधी अण्णांकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे, आणि “आबा कुठे गेले?” म्हणून भोकाड पसरलं. जावयाच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. माईंनी अण्णांकडे अशी नजर टाकली की आज रात्री बिनपाण्याने हजामत होणार हे त्यांना कळून चुकलं.

विहीणबाई मात्र ताडकन उठून उभ्या राहिल्या. बशी खाली ठेवली, केस सारखे केले. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“सासूबाई!” त्या म्हणाल्या.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग जावयाने बापाकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाला, “बापरे. अगदी आजी.”

आणि खरंच, ती हनुवटी, तो खालचा ओठ, सगळं त्यांच्या आईचं होतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण विहीणबाईंना तिच्यापुढे उभं राहायची सवय काही गेली नव्हती. त्या बसेचनात. व्याही म्हणाले, “अगं, मीच आहे, बस ना.” तर त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या.

“चहा फिका झालाय का?” त्यांनी विचारलं. आपल्याच नवऱ्याला, खाली बघत.

“नाही गं. चांगला झालाय.”

विहीणबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

“काय म्हणालात?”

“चांगला झालाय म्हटलं.”

“इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालात का असं?” त्यांचा आवाज चढला. “पहाटे उठून सगळं करायचे मी. ताट पुढे केलं की नुसतं ‘हं’. चांगलं म्हणायला जीभ झिजत होती का? माझ्या बहिणीसमोर म्हणालात, हिला काही येत नाही. मी आत उभी होते. ऐकलं मी सगळं!”

नातही रडायची थांबली. व्याह्यांचं तोंड उघडं होतं. ते काहीतरी सांगायला निघाले होते, बहुतेक “अगं, ते आई म्हणाली होती, मी नव्हे.” पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ते थबकले. गोदामाच्या त्या दणकट माणसाने हात मांडीवर ठेवले, ती छोटीशी हनुवटी जरा खाली केली आणि सावकाश म्हणाले,

“चुकलं माझं, सूनबाई. सगळं चांगलं व्हायचं. मी म्हणायला हवं होतं.”

विहीणबाई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता त्यांनी आणखी एक कप चहा ओतून व्याह्यांपुढे सरकवला. माईंनी अण्णांचा हात धरला आणि त्यांना अंगणात घेऊन गेल्या. बिनपाण्याची हजामत तूर्तास रद्द झाली होती.

सकाळी नाश्त्याच्या वेळी व्याही गालावरून हात फिरवत म्हणाले, “चुकल्याचुकल्यासारखं वाटतं हो. आजपासून पुन्हा वाढवायला घेतो.”

“काही घाई नाहीये,” विहीणबाई आतून म्हणाल्या. “अण्णा, तुम्ही आहात तोवर रोज करून द्या त्यांची. मला अजून बरंच बोलायचंय.”