फुलपाखराच्या फ्रॉकमधली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी चिठ्ठी आहे. बाळाच्या झबल्यात आतून, मानेपाशी शिवलेली असते ना, तीच. तुम्ही मला लेबल म्हणता. आधीच सांगून टाकते, मी फार जळकी आहे.

माझ्या झबल्याचं सुती कापड प्रयोगशाळेत गेलं होतं. तिथे ते घासलं, उकळलं, खोट्या घामात भिजवलं. रंग सुटला नाही, घातक रसायन सापडलं नाही, तेव्हा कुठे माझ्यावर छापलं, 'तपासलेले कापड. बाळाच्या त्वचेला सुरक्षित.' त्या मानाचा मला केवढा तोरा होता!

नार्नूर गावात कुसुमबाईंच्या घरी मी आले. त्यांची नात मैत्री अंगाने नाजूक. एका नव्या दुपट्याने तिला आधीच पुरळ उठलं होतं, म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लेबल पाहून कपडे घ्यायला बजावलं होतं. मैत्रीची आई मीनल सासूबाईंना म्हणाली, "आई, असं लेबल असन तेच कपडे घालू पोरीले." मी अभिमानाने फुगले.

पण बारशाला भूषणमामा लाल चकचकीत फ्रॉक घेऊन आला. छातीवर जरीचं फुलपाखरू! येणारी प्रत्येक बाई त्यालाच हात लावून पाही. पोरीच्या मानेशी मी राबायचं आणि कौतुक त्या फुलपाखराचं? माझा नुसता जळफळाट झाला.

मामाचा कपडा बारशाला अंगावर चढलाच पाहिजे, ही घरची रीत. आणि त्या फ्रॉकला लेबल नव्हतं. मीनल बाळाला न्हाऊ घालत होती. कुसुमबाईंनी कात्री घेतली, मला झबल्यातून उसवलं आणि फ्रॉकच्या मानेशी शिवलं.

"हे काय करून राह्यल्या?" शेजारच्या सोनाबाईंनी विचारलं.

"लेबल पाह्यजे म्हणते सून. ताईत नाही का आपण एकीच्या गळ्यातला दुसरीले बांधत? तसंच हे. राखन पोरीले."

त्या लाल कापडाला उग्र वास येत होता. हा कच्चा रंग, मी ओळखलं. पण खरं सांगते, वाचा असती तरी मी गप्पच बसले असते. अखेर फुलपाखराच्या शेजारी मला जागा मिळाली होती.

मीनलने फ्रॉकची मान उलटून मला पाहिलं आणि निर्धास्तपणे तो पोरीला घातला. पाळणा म्हणून होईस्तोवर मैत्रीला घाम फुटला. ती किंचाळायला लागली. फ्रॉक काढला तर मानेवर लाल रंग उतरलेला आणि छातीभर पुरळ.

"लेबल तर हाये ना! मंग असं काऊन झालं?" मीनल रडवेली झाली.

कुसुमबाईंनी माझ्यावर बोट ठेवलं. "मीच लावलं व माय. मले वाटलं, चिठ्ठीच राखते."

मीनलने बाळाचं अंग गार पाण्याने पुसलं आणि तेच जुनं झबलं घातलं. थोड्या वेळाने मैत्री हुंदके देत निजली. मी तिथे नव्हते, तरी निजली.

आता मी फ्रॉकमधून उसवलेली, सुईदोऱ्याच्या डब्यात पडून असते. माझ्या अक्षरांवर लाल डाग आहे. मला परत शिवायला कुसुमबाईंचा हात धजत नाही.

मित्रांनो, मला जरूर वाचा, पण माझ्या कापडापासून तोडू नका. त्याच्याविना मी नुसती चिंधी आहे.

झबल्यावर माझ्या टाक्यांची चार भोकं अजून आहेत. मैत्री निजते तेव्हा तिची मान तिथेच टेकते. फुलपाखराचा हेवा केव्हाच सरला, मित्रांनो. आता मी त्या चार भोकांवर जळते.