पहिली ओळ कोणती?

गुरुपादप्पा सरांनी तनुजाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली होती. मेक नावाच्या सॉफ्टवेअरकडून एक साधं काम करून घ्यायचं. फाइलमध्ये कामाचं नाव लिहायचं, त्याखाली काय करायचं ते लिहायचं, आणि हुकूम दिला की स्क्रीनवर ‘नमस्कार’ उमटला पाहिजे. उमटला तर लातूरच्या आमच्या ऑफिसात नोकरी, नाही तर मुरुडला काकांच्या बियाण्याच्या दुकानात बसायचं. काकांनी तिची खुर्ची पुसूनसुद्धा ठेवली होती म्हणे.

शिकवायला मी. आणि मला धीर कमी.

पहिल्याच फटक्याला मेकनं सांगितलं, पहिल्या ओळीत चूक आहे. तनुजानं ओळ खोडून पुन्हा लिहिली. तीच चूक. कामाचं नाव बदलून पाहिलं, तरी तीच. तिचे डोळे भरून आले.

“ज्योत्स्नाताई, पहिली ओळ बरोबर हाय की! हे मशीन खोटं बोलायलंय.”

“मशीनला खोटं बोलायचा पगार न्हाई. वाच पहिली ओळ.”

“नमस्कार.”

मी खुर्ची ओढून स्क्रीनकडे पाहिलं. “अन् त्याच्या वर काय हाय?”

“वर? वर श्री हाय.”

“मग ती ओळ न्हाई का?”

“श्री कुठं ओळ असती, ताई?”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आधी हसले, मग चिडले. आमच्या घरात वहीवर श्री लिहायची पद्धत नाही, म्हणून मला तो लगेच दिसला.

“मेकला श्री कळत न्हाई. खोड.”

तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच अडलं. नोकरी हातची चालली होती, तरी दाबवेना. शेवटी मीच सांगितलं, त्याच्यापुढं हॅशचं चिन्ह घाल, मग मेक ती ओळ सोडून देतो.

तिनं घातलं, हुकूम दिला, आणि नमस्कार उमटला. तनुजा टेबलावर डोकं ठेवून रडली. मलाही फार बरं वाटलं.

तेवढ्यात सर आले. “किती ओळींत केलं?”

“दोन, सर.”

मी तोंड उघडणार, तोच सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, श्रीच्या खाली, आणि मोजलं. “एक, दोन. बरोबर. सोमवारपासून या.”

दोघंही खूश. त्या खोलीत तीन मोजणारी मी एकटीच होते.