पापणी की ओठ

कुंभकोणमला देवळाच्या वळणावर पालखीचा दांडा फिरला आणि देवाकडे तोंड करून उलटं चालत नादस्वरम, तिकडची लांब सनई, वाजवणाऱ्या सिंगारवेलूच्या गालावर बसला. देवाला काही झालं नाही. सिंगारवेलूचं गालाचं हाड मात्र पत्र्याचा डबा चेपावा तसं आत गेलं.

आठवडाभर पठ्ठ्या घरी लेप थापत बसला. शेवटी बायकोने, सेल्वीने, ओढत इस्पितळात आणला. डॉक्टर कयल्विळीबाईंनी फोटो बघून तीन वाटा सांगितल्या. कानशिलाच्या केसांतून शिरून हाड नुसतं उचलायचं. पण तिथून हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी बसवता येत नाही, फुंकण्याचा जोर आला की हाड पुन्हा खाली. दुसरी वाट खालच्या पापणीकडून. पट्टी बसते, पापणी थोडी ओघळायची भीती. तिसरी तोंडातून, वरच्या ओठाच्या आतल्या बाजूने; पट्टी तिथूनही बसते.

तिसरी ऐकताच सिंगारवेलूने हात जोडले. पापणी ओघळो नाहीतर गळून पडो, ओठाला सुरी लावायची नाही. सेल्वी म्हणाली, यांचं थोबाड बघायला येतं कोण, लोक कान घेऊन येतात. बाईंनी पापणी कबूल केली, ऑपरेशन उद्या ठरवलं. तोवर नाक शिंकरायचं नाही, असं दोनदा बजावलं.

गड्याने नाक शिंकरलं नाहीच. ओठ शाबूत आहेत ना, एवढंच बघायला त्याने उशीखालची वाद्याची पत्ती, ओठांत धरून वाजवायची ती, काढली आणि फुंकली. मोडक्या हाडातून हवा थेट कातडीखाली. गाल फुगला, डोळा बुजला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने बोट लावून पाहिलं, तर आत पापड मोडल्यासारखं कुरकुरलं.

"काय केलंत, अण्णा?" बाईंनी विचारलं.

"नाक नाही शिंकरलं, अम्मा."

सेल्वीने पत्ती पुढे धरली. "अख्खं गाव यांचं ऐकतं. हे कुणाचं ऐकत नाहीत."

फुगलेल्या पापणीला आता सुरी लावता येणार नव्हती. हवा जिरेपर्यंत थांबावं, तर हाड वाकडंच जुळायला लागलेलं.

"केसांतून गेलात तर?" सिंगारवेलूने विचारलं.

"हाड उचलेन. पुन्हा वाजवायचं नाही, एवढं कबूल करा."

"आणि तोंडातून?"

"वाजवाल. ओठ आधीसारखा होईल का, ते मला सांगता येणार नाही."

सिंगारवेलूने दाराकडे पाहिलं. दारात सेल्वी कमरेवर हात ठेवून उभी. त्याने तिच्याकडून पत्ती मागून घेतली, ओठांत धरली. फुंकली नाही. तिची कड नेमकी कुठे टेकते, ते जिभेने सावकाश चाचपून ठेवलं.

मग ती परत देत म्हणाला, "तोंडातून."