दर्याराजाचा शिक्का

त्या दिवशी बेटावरच्या एकाही घरात चूल धड पेटली नाही. बाया, बाप्ये, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या, सगळे काळ्या खडकांच्या किनाऱ्यावर दाटीवाटीने उभे होते आणि सगळ्यांच्या नजरा पाणबुड्या बायकांच्या उघड्या नडग्यांवर खिळल्या होत्या.

मधोमध राजवाडेवाली बसली होती. तिचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. हातात पितळेची लहानशी वाटी. वाटी उपडी करायची, एकेकीच्या नडगीवर जोर लावून दाबायची आणि उचलायची. गोल वळ उमटायचा आणि बघता बघता पुसला जायचा. वळ टिकला तर दर्याराजाने तिला लेक मानली, असं ती सांगायची.

"गेला! राजाला ही नको. पुढची!"

"नको तर नको," सत्तरीतली कोसामचुन परकर खाली ओढत म्हणाली. "एक म्हातारा सांभाळला, तेवढा पुरे झाला मला."

लोक खो खो हसले. बेटावर थोराला, मग ती बाई असो की बाप्या, सामचुनच म्हणायचे. आणि कोसामचुनच्या जिभेला तर दर्यासुद्धा भ्यायचा, अशी ख्याती होती.

मग हेरान पुढे आली. आठवा महिना भरत आलेला, एक हात कमरेवर, दुसरा सासूच्या खांद्यावर. राजवाडेवालीने वाटी दाबली, उचलली. नडगीवर खोल गोल खाच पडली होती. लोक वाट बघत राहिले. वारा सुटला होता, एकीचा रुमाल उडाला, तो पकडायलाही कुणी हललं नाही. खाच तशीच होती.

"शिक्का!" राजवाडेवाली किंचाळली. "दर्याराजाचा शिक्का! अरे बघता काय, वाका!"

लोक वाकले. हेरानची सासू मालसुन मात्र त्या खाचेकडे बघत उभी राहिली.

राजवाडेवाली आठवड्यापूर्वी आली होती. जेजूच्या मोठ्या बेटावरून आलेल्या शेवटच्या होडीतून. त्यानंतर वाऱ्याच्या आजीचे दिवस लागले. दुसऱ्या चांद्रमासात ही आजी दर्यावर उतरते, ती परत जाईपर्यंत कुणी पाण्यात शिरत नाही, होडी सोडत नाही. म्हणजे बाई आयती अडकली, आणि बेटही तिच्या हाती आयतं लागलं. ती सांगायची, मी तीन महिने दर्याराजाच्या राजवाड्यात राहून आले. प्रवाळाचे खांब, मोत्यांचे पडदे, आणि कासवं पाणी भरतात. समुद्राच्या तळाशी कासवं पाणी कशाला भरतात, हे कुणी विचारलं नाही. तीन महिने पाण्याखाली राहिलेली ही बाई होडीतून उतरताना आतडी पिळवटेपर्यंत ओकत होती, हेही सगळे विसरले.

"डोकं दुखतं ना गं तुझं?" तिने हेरानला विचारलं.

"दुखतं. परवापासून थांबतच नाही."

"मुकुटाचं माप घेतायत! आणि डोळ्यांपुढे चमकतं?"

"काल संध्याकाळपासून. काजव्यांसारखं."

"राजवाड्यातले दिवे! तोंडावर बघा कसं तेज चढलंय. राजाचा नातू आहे पोटात!"

मालसुनला राहवलं नाही. "अहो बाई, ती सूज आहे. ह्योन नर्सबाई मागच्या फेरीला सांगून गेल्यात. तोंडावर, हातांवर सूज चढली, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे चमकलं किंवा अंधारलं, बरगडीखाली दुखलं, लघवी कमी झाली, तर यातलं एक जरी दिसलं तरी तडक दवाखान्यात आणा म्हणाल्यात."

"मग आम्ही सगळ्याच दवाखान्यात जाऊन बसतो," मागून एकजण म्हणाली. "डोकं कुणाचं दुखत नाही इथे?"

हेही खरंच होतं. जन्मभर खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्या बायका त्या. दाबाने डोकं ठणकायचंच. सकाळी पाण्यात शिरण्याआधी डोकेदुखीची पूड जिभेवर टाकायची, वर घोटभर पाणी प्यायचं, ही बेटाची रीतच होती. बरगडीखाली दुखलं तर बुडायला वजन म्हणून बांधलेला शिशाचा कमरपट्टा घट्ट झाला असेल. तोंड सुजलं तर बुडीच्या चष्म्याचा रबर रुतला असेल. नर्सबाईने सांगितलेल्या प्रत्येक खुणेला बेटापाशी आपलं एक उत्तर तयार होतं, आणि दुसऱ्या कुणाही बाईबाबतीत ते खरंही ठरलं असतं. म्हणून तर मालसुनचं कुणी ऐकेना.

"राजालाच विचारू," राजवाडेवाली म्हणाली. तिने पांढऱ्या कागदात मूठभर तांदूळ घेतले, पाठमोरी होऊन मंत्र पुटपुटला, पुडी दोऱ्याने बांधली. "पुडी तरंगली तर खुशाल न्या पोरीला. बुडाली तर राजाने तिला पदरात घेतली. मग तिला बेटावरून हलवलीत, तर होडी परत येणार नाही, सांगून ठेवते."

अशा पुड्या बेटावरच्या बायका पिढ्यान्पिढ्या दर्याला देत आल्या होत्या. कधी पुडी बुडायची, कधी लाटेवर डोलत राहायची. ही मात्र हातातून सुटली ती धोंड्यासारखी खाली गेली. लोकांनी टाळ्या पिटल्या. वाळवलेले शिंपले, शेवाळाच्या जुड्या, कुणाच्या लग्नातलं रेशीम, राजवाडेवालीपुढे ढीग लागला.

घरी आल्यावर हेरान भिंतीला टेकून बसली. "आई, दिवा लावलात का?"

"भर दुपारी कशाला दिवा?"

"मग हे काय चमकतंय?"

मालसुनने सोयाबीनच्या रशाच्या बाटलीचं झाकण काढलं, सुनेच्या नडगीवर दाबलं आणि उचललं. दातेरी कडांचा गोल तसाच्या तसा उमटून राहिला. मग भाताची वाटी दाबली. मग नुसता अंगठा. मांसात खड्डा पडला आणि तसाच राहिला. मालसुन आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

ती तशीच गावप्रमुख यांगकडे धावली. सोसायटीच्या इंजिनच्या होडीची किल्ली त्याच्याकडे असायची.

"प्रमुख, राजाचा शिक्का माझ्या स्वयंपाकघरातही निघाला. बाटलीच्या झाकणाने उमटतो. सुजलेल्या अंगावर काहीही दाबा, उमटतं. होडी काढा."

यांगने हातातला पाइप खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. "वहिनी, तुमचा जीव तुटतोय, कळतं मला. पण आजीचे दिवस आहेत, वारा बघा केवढा आहे. त्यात पुडी बुडाली. उद्या होडी उलटली तर लोक मला जाळतील."

"आणि पोर गेली तर?"

"असं अभद्र बोलू नका."

"मी बोलले नाही म्हणून ती राहणार आहे का?"

मालसुनने त्याचे पाय धरले, तेव्हा त्याने पाय मागे घेतले आणि स्वतःच रडकुंडीला आला. पण किल्ली दिली नाही. मुलगा दूर मासेमारीच्या जहाजावर, त्याला कळवायचीही सोय नाही. परत येताना ती घरोघर थांबली. कुणी चहा पुढे केला, कुणी रताळं. होडी मात्र कुणाच्याच हातात नव्हती.

दारात पाय ठेवते तो हेरान ओकत होती. उजव्या बरगडीखाली हात दाबून म्हणाली, "इथे कुणीतरी पिळतंय. आई, तुमचं तोंड अर्धंच दिसतंय मला."

तांदळाची पुडी अशी धोंड्यासारखी बुडाली कशी, हे मालसुनच्या मनातून जाईना. तिने खुंटीवरचा बुडीचा चष्मा काढला.

दर्याला दिलेलं परत आणायचं नाही, हा बेटाचा सगळ्यात जुना नियम. तळाचा दगड न् दगड ठाऊक असलेल्या एवढ्या बायका, पण राजाच्या पुडीपर्यंत कधी कुणाचा हात गेला नव्हता. राजवाडेवालीचा सगळा धंदा त्या एका नियमावर उभा होता.

मालसुन जुन्या सुती कपड्यांनिशी पाण्यात शिरली तेव्हा किनाऱ्यावर हलकल्लोळ उडाला. "सामचुन, फिरा मागे! बेट बुडवाल!" ती ऐकत नव्हती. पाणी हाडं कापत होतं. तिने दम भरला आणि खाली गेली. वर लोक एकमेकांचे दंड धरून उभे राहिले. खूप वेळ गेला. मग लाटांत तिची शीळ ऐकू आली. पाणबुड्या बाया वर येताना कोंडलेला श्वास सोडतात, तीच ती शीळ, आणि त्या शिळेवरून कोण वर आलं ते बेटावर डोळे मिटूनही कळायचं.

ती थरथरत खडकावर आली आणि सगळ्यांदेखत भिजलेला कागद फाडला. तांदळांच्या मधोमध शिशाचा तुकडा होता.

"राजाची लीला!" राजवाडेवाली ओरडली. "राजाने तांदळाचं शिसं केलं!"

कोसामचुनने तो तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. "शिसं केलं, इथवर ठीक. पण त्यावर मालसुनची खूणही पाडली? एवढा रिकामा वेळ असतो राजाला?"

मालसुनने ओळखला होताच तो. लग्नात तिने आपल्या कमरपट्ट्यातली शिशं सुनेला दिली होती आणि प्रत्येकावर कोयत्याने तिरपी खाच पाडली होती. पोटामुळे हेरानचं पाण्यात जाणं बंद झालं, तसा तो पट्टा किनाऱ्यावर बाया अंग शेकत बसतात त्या शेकोटीच्या आडोशात, कुणाच्याही हाताशी, खुंटीवर लटकत होता. कुणीतरी धावत जाऊन तो घेऊन आलं. एक शिसं कमी होतं.

यांग किल्ली काढून होडीकडे पळत सुटला.

पण दिवस कलला होता. वाऱ्याने होडी अडवून धरली. मालसुन सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मोठ्या बेटावरची घरं दिसू लागली तेव्हा हेरानचे डोळे फिरले, जबडा आवळला गेला आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. मालसुनने तिला कुशीवर वळवलं, ती होडीबाहेर जाऊ नये म्हणून नुसती धरून ठेवली. आणखी काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. घरं दिसत होती, धक्का दिसत होता, आणि होडी पुढे सरकत नव्हती.

दवाखान्यात पोट कापून मूल काढलं. मुलगा होता. तो रडला नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सकाळी आणलं असतं तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मालसुनला ते पुढे कितीतरी वर्षं ऐकू येत राहिलं.

हेरान शुद्धीवर आली, जगली. मालसुनने बाळंतिणीसाठी शेवाळ राखून ठेवलं होतं, सगळ्यात खोल खडकावरचं, मऊसूत. त्याचं सूप तिने केलं. पाळणा नसलेल्या घरात हेरानने ते खाली मान घालून प्यायलं.

वाऱ्याच्या आजीचे दिवस सरताच राजवाडेवाली पहिल्या होडीने निघून गेली. जाताना पितळी वाटी विसरली.

बाया पुन्हा शेकोटीभोवती जमल्या. ह्योन नर्सबाई खास आली होती. तेवढ्यात हेरान आडोशात शिरली, हातात ती वाटी. खाली बसली, परकर वर केला आणि वाटी स्वतःच्या नडगीवर दाबली. उचलली. वळ उमटला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुसला गेला.

"गेला," ती म्हणाली. "राजाला मी आता नको झाले वाटतं."



"राजा नव्हता गं बायांनो," नर्सबाई हलक्या आवाजात म्हणाली. "अंगात पाणी साठलं होतं. सुजलेल्या मांसात खड्डा पडतो आणि राहतो, एवढाच तो शिक्का. गावोगावच्या गरोदर बायकांत अशी एखादी सापडतेच, ते त्या बाईला माहीत होतं. पाय तर पुष्कळजणींचे सुजतात, प्रत्येकीला हा आजार नसतो. आणि कधी सूज नसतानाही तो असतो. हिचं रक्त जोरात धावत होतं, ते दंडाला बांधायच्या या पट्ट्याने मोजल्याशिवाय कळत नाही. डोकं दुखत होतं, चमकत होतं, बरगडीखाली पिळत होतं. ते तिचं अंग ओरडून सांगत होतं. तुम्हाला डोकेदुखीची सवय आहे, म्हणून ऐकू आलं नाही. सवयीच्या दुखण्यालाही गरोदरपणात एकदा विचारा, तू तेच आहेस का म्हणून. आणि पुडी बुडो की तरंगो, मला बोलवा."

ती रक्तदाबाचा पट्टा उलगडू लागली. पलीकडे सहावा महिना लागलेली एक पोरसवदा बाई पाण्यात उतरायला निघाली होती. सवयीने तिने डोकेदुखीची पूड तळहातावर ओतली, मान वर केली.

हेरानने तिचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी इकडे बस. कधीपासून दुखतंय, ते सांग."