मयताची चटई

चित्रविचित्र कामाला वाइमोआनाने कधी नाही म्हटलं नव्हतं. गाडीच्या सीटवर घालायला, कुत्र्याला झोपायला, सांगाल तशी चटई ती विणून द्यायची. आज मात्र नुकुआलोफा शहरातल्या एका हॉटेलवाल्याने, बेटावरचे लोक घरातल्या प्रत्येक मयताला कमरेला गुंडाळतात तसल्या जुन्या फाटक्या चटया मागितल्या. कशाला, तर भिंतीवर टांगायला!

"नव्या विणा आणि फाडा, मावशी. जुन्या दिसल्या म्हणजे झालं."

"घे की आई," लेक कुजबुजली, "फाडायला काय लागतंय?"

"विणायला हात लागतात," वाइमोआना कडाडली, "फाटायला घरातली माणसं जावी लागतात. साहेब, तुमचं कोण गेलंय?"

"कुणी नाही."

"मग कुणी गेलं की या. माझ्या नवऱ्याच्या मयताला मी गुंडाळलेली चटई देईन. फुकट!"