निळ्या दोऱ्याची गाठ

धाकटीने काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला, माशाचा तुकडा काचेवर पसरला आणि बोटांनी हलकेच दाबला. उजेडात मांस गुलाबी, आरपार दिसू लागले. स्वच्छ होते. पेट्यांतून प्रवाळखडकांतले मासे उतरत, दोघी जावा ते चिरत आणि मग धाकटी एकेक तुकडा उजेडावर तपासून जंत चिमट्याने काढी. रोजची सकाळ अशीच सरे. भरलेल्या पिशवीला चिरणारीने आपला दोरा बांधायचा, हा सासूबाईंचा नियम होता. थोरलीचा दोरा लाल, धाकटीचा निळा.

"सापडला का एखादा?" थोरलीने डाव्या हातातली सुरी फडक्याला पुसली. "नाही सापडला तर तुला चहा गोड लागत नाही."

"आल्या आल्या पोट साफ केलं तर कशाला सापडेल, जाऊबाई? मासा मेला की जंत आतड्यातून मांसात शिरतो."

"कालची आलेली मला मासे शिकवते. चहाशिवाय माझा हात चालत नाही, सांग तुझ्या जंताला."

सासूबाई वजनकाट्यापाशी बसल्या होत्या. हॉटेलातून दोनदा पिशवी परत आली होती आणि दोन्ही वेळा दोरा निळा होता. आपला प्रत्येक तुकडा आपण उजेडावर पाहिला, हे धाकटीने शपथेवर सांगून झाले होते.

"शिजला की जंत मरतो, पण दिसला की गिऱ्हाईक मरतं," सासूबाई काट्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आता जिचा दोरा परत येईल, तिने सुरी ठेवायची आणि घरातली भांडी घासायची. कायमची."

"ऐकलंस ना?" थोरली हसली आणि हात धुवायला नळाकडे गेली.

धाकटी तपासलेल्या पिशव्या खोक्यात रचू लागली. तळाशी निळ्या दोऱ्याची एक पिशवी आधीच ठेवलेली होती. ही तिने बांधली नव्हती. दोऱ्याची गाठ उलटी होती, डावऱ्या हाताने मारलेली.

तिने गाठ सोडली आणि आतला तुकडा काचेवर ठेवला. मांसाच्या मधोमध, घड्याळातल्या स्प्रिंगसारखा वेटोळे घालून, जंत बसला होता.

तिने चिमटा उचलला. त्याचे टोक वेटोळ्याला टेकले.

बाहेर हॉटेलच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"विझव आता तो दिवा," नळापाशी पाठमोऱ्या उभ्या थोरलीने म्हटले. "माशाचं लग्न लावायचंय का?"

"विझवते, जाऊबाई."

धाकटीने चिमटा जागेवर ठेवला. तुकडा होता तसा पिशवीत सरकवला. थोरलीच्या रिळावरून हातभर लाल दोरा तोडला, उजवा हात पदराला पुसून बाजूला घेतला आणि डाव्या हाताने, सावकाश, उलटी गाठ मारली. पिशवी खोक्याच्या तळाशी, होती तिथेच ठेवली.

मग तिने दिवा विझवला.