काजवाली बदलली

तोंडाला मास्क लावून ऑपरेशन थिएटरमध्ये गेली ती एक बाई, आणि मास्क काढत बाहेर आली ती भलतीच. मालिकेतल्या एकाही माणसाने हूं की चूं केलं नाही. मोठ्या मॅडमचा, म्हणजे त्या सर्जन बाईचा, नवरा बाहेर बाकावर बसून होता. तो उठला, त्या परक्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, दमलीस गं. मी डबा बाजूला सारला आणि टीव्हीकडे बघून चांगल्या सणसणीत शिव्या हासडल्या.

आमच्या कारखान्यात हॉस्पिटलचे कपडे शिवतात. डॉक्टरांचे पांढरे कोट, पेशंटचे मागून बांधायचे गाऊन, असलं सगळं. त्यामुळे ती हॉस्पिटलची मालिका आम्ही जरा घरचीच समजतो. मास्तरांनी भिंतीवर टीव्ही लावलाय, तो आमच्यावरच्या मायेपोटी नाही, जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर रेंगाळू नये म्हणून. आदल्या संध्याकाळचा भाग दुपारी पुन्हा दाखवतात. घरी बघितलेला असला तरी आम्ही सगळ्या मिळून तो परत बघतो, कारण तावातावाने बोलायला समोर कोणी नसेल तर बघण्यात काय मजा.

आमच्याकडे नाव मशीनला असतं. खिसे लावते ती खिसेवाली, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहते ती इस्त्रीवाली. कोणी सोडून गेलं तरी मास्तर हाक बदलत नाहीत. मशीनवर नवी बसली की आपोआप त्या नावाची होते. मी काजवाली. कोटाला बटणांसाठी भोकं पाडायची आणि त्यांच्या कडा दोऱ्याने पक्क्या करायच्या, हे माझं काम. माझं खरं नाव इथे कोणाच्या तोंडात नाही. घरी नवरा ‘अगं’ म्हणतो, म्हणजे तिथेही आनंदच.

त्या दुपारी जेवणं राहिली बाजूला. खिसेवालीचं म्हणणं, जुन्या मॅडमला सिनेमा मिळाला असणार. इस्त्रीवालीला कुठून तरी कळलं होतं की तिचं दिग्दर्शकाशी वाजलं. माझं म्हणणं एवढंच होतं की काय व्हायचं ते होवो, पण सांगा तरी. पूर्वी निदान पडद्याच्या तळाला एक ओळ यायची, यापुढे ही भूमिका अमुक करतील म्हणून. आता तेवढीही लाज उरली नाही. शिवाय जुनी मॅडम होती तिखट. ज्युनियर डॉक्टरांना रडवायची, नवऱ्याला तर उभा सोलायची. मला ती का आवडायची ते वेगळं सांगायला नको. नवी मात्र सगळ्यांशी मऊ बोलत होती.

‘गोड आहे गं ही,’ खिसेवाली म्हणाली. मी म्हटलं, गोड हवं असेल तर मिठाईच्या दुकानात जा, लोकांची छाती उघडणाऱ्या बाईकडे काय काम आहे. सगळ्या हसल्या आणि मला वाटलं, आपल्या बाजूच्या आहेत.

कसल्या बाजूच्या. आठवडा उलटेपर्यंत एकेक जण फितूर झाली. मग एका भागात मॅडमच्या लग्नाची आठवण दाखवली. तो प्रसंग मी मूळचा बघितला होता, हार घालताना जुनी मॅडम फोटोवाल्यावर कशी डाफरली ते मला पक्कं आठवत होतं. आता त्याच मांडवात, त्याच हारासकट नवी उभी होती आणि फोटोवाल्याकडे बघून हसत होती. त्यांनी मागचंसुद्धा बदललं होतं. मी खिसेवालीला म्हटलं, बघ, जुनीला लग्नातूनही काढली. तिने घास चावता चावता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘जुनी कोण?’

मी तिच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. ती दिसली नाही. मी मनाशी म्हटलं की माणसं आंधळी असतात, पुढ्यात येईल ते गिळतात, कोण वाढतंय ते बघत नाहीत. संध्याकाळी नवरा स्कूटर घेऊन न्यायला आला तेव्हा सगळा राग त्याच्यावर काढला. आधी उशीर झाला म्हणून, मग हेल्मेट विसरला म्हणून, मग मालिकेवरून. तो नेहमीप्रमाणे ‘असेल’ म्हणाला. मी म्हटलं, असेल काय असेल, तुम्हाला जीभ दिलीय ती कशाला. तो पुढे बघून गाडी चालवत राहिला.

पुढे माझं पोट दुखायला लागलं आणि पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. तपासायला आलेल्या डॉक्टरच्या कोटावरचं वरचं काज मी ओळखलं, किंचित तिरकं, माझंच. त्यामुळे जरा धीर आला. स्ट्रेचरवरून आत नेताना मी नवऱ्याला गॅस, किल्ली आणि नळ यांवरून झापत होते, तो दार लागेपर्यंत मान हलवत होता.

आतल्या बोळात समोरून दुसरं स्ट्रेचर बाहेर येत होतं. त्यावर मोठ्या कपाळाची एक बाई होती, गुंगीतली. आमची स्ट्रेचरं शेजारी आली तशी तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पाळी बदलताना सकाळची बाई दुपारच्या बाईकडे बघून हलवते, अगदी तशी. मला ते आवडलं नाही. कोण ही, असं विचारायला तोंड उघडलं तोवर कोणीतरी नाकावर मास्क ठेवला.

घरी मी स्वस्थ पडून राहणार नाही हे नवऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने मला हॉस्पिटलमधून थेट भावाच्या घरी पोचवलं. वहिनीने माझं सगळं केलं, खोटं कशाला बोलू. मालिकाही आम्ही सोबत बघायचो. पण तिने ती नुकतीच बघायला घेतली होती, तिला नवी मॅडम तीच खरी मॅडम. तिच्याशी वाद घालण्यात राम नव्हता. नवऱ्याचा सुरुवातीला रोज फोन यायचा. मग दिवसाआड, मग मीच करायचे. एकदा त्याच्यामागे कोणी बाई हसल्याचं ऐकू आलं. मी विचारलं, तर म्हणाला टीव्ही चालू आहे. आवाजात असा काही उत्साह होता की मला वाटलं, बिचारा एकटेपणाने वेडा झालाय, आता परत गेलं पाहिजे.

कोणाला न कळवता मी सकाळच्या बसने निघाले आणि पिशवीसकट थेट कारखान्यात गेले. संध्याकाळी न्यायला नवरा येईल की नाही, असा काही विचार केला नव्हता. आधी मैत्रिणींना गाठायचं, मग घर, एवढंच डोक्यात होतं.

माझ्या मशीनवर एक बाई बसली होती. माझ्या स्टुलावर, माझ्या उशीवर. मी नसताना बदली बाई ठेवली असणार, त्यात वावगं काही नाही. मी खिसेवालीच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, काय गं सटवे, एक फोन नाही. ती दचकून मागे सरकली. अनोळखी माणूस फारच सलगीने वागायला लागला की आपण जसं कसनुसं हसतो तसं हसली आणि म्हणाली, ‘तुम्हाला कोण हवंय?’

तेवढ्यात मास्तरांनी आतून हाक मारली, काजवाली, कोटांचा गठ्ठा झाला का. ‘हो मास्तर,’ आम्ही दोघी एकदम म्हणालो. मास्तरांनी बाहेर येऊन तिच्याकडून गठ्ठा घेतला. मला म्हणाले, काम हवं असेल तर आत्ता जागा नाही, पण उन्हाचं आल्या आहात, बसा घटकाभर. मी त्यांना माझं नाव सांगितलं, खरं नाव. त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, कारण इथे ते मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मला पाहुणी म्हणून बाकाच्या टोकाला जागा दिली. टीव्ही लागला. ती मशीनवरची बाई माझ्या टवका उडालेल्या कपातून चहा पीत होती. मी मुद्दामच विचारलं, या मॅडमच्या आधी दुसरी होती ना. बाकीच्या माना खाली घालून जेवत राहिल्या. ती मात्र वळली आणि शांतपणे म्हणाली, ‘होती. खेकसायची फार. मला आवडायची ती.’ मग बरगडीखाली उजव्या बाजूला हात धरून जरा वाकली, टाके ओढतात अजून म्हणाली. इस्त्रीवालीने लगबगीने तिच्या पाठीशी उशी सारली. त्या वाकण्यात तिचं मोठं कपाळ माझ्यासमोर आलं आणि मी तिला ओळखलं. माझेही टाके दुखत होते. पण मी ते सांगितलं नाही, कारण आता ते खोटं वाटलं असतं.

मी घाबरले. फाटकाबाहेर पायरीवर येऊन बसले आणि मनाला समजावलं. हे सगळे गेले खड्ड्यात. यांनी मला कधी धड बघितलंय? मशीन बघितलं. एका माणसाने ओळखलं की पुरे, आणि ज्याने इतकी वर्षं रोज माझी बोलणी खाल्ली तो काही चुकणार नाही. त्याने एकदा ‘अगं’ म्हटलं की पुढचं मी निस्तरते.

सुट्टी व्हायच्या जरा आधीच तो आला. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, हँडलला दोन हेल्मेटं. मी पुढे होऊन म्हटलं, ‘अहो.’

त्याने स्कूटर बंद केली. माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

‘अगं, तू इथे कशाला आलीस?’ तो म्हणाला.

मला रडूच आलं. ‘म्हणजे ओळखलंत. मला वाटलं, तुम्हीपण फसलात.’

‘फसलो नाही.’ तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. ‘ती दारात उभी राहिली तेव्हाच कळलं, ही तू नाहीस.’

‘मग घरात घेतलीत कशी? बोललात का नाही कोणाला?’

मी आणखी चढ्या आवाजात तेच विचारलं, तेव्हा त्याने मान वर केली. ‘आत आली, पिशवी ठेवली,’ तो म्हणाला, ‘आणि विचारलं, जेवलात का.’

एवढंच. पुढे काही येईल म्हणून मी वाट बघत राहिले. ती फाटकातून बाहेर आली, माझ्याकडे बघून तशीच मान हलवली आणि मागे बसली. मी नेहमी मागची दांडी धरायचे. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो निघाला.

मी वर पाहिलं तर खिडकीत खिसेवाली उभी होती. तिची नजर अनोळखी नव्हती. चोरी पकडली गेल्यावर होते तशी होती. तिने घाईघाईने खिडकी लावून घेतली.

आंधळं कोणीच नव्हतं तर. मी तिथेच उभी राहिले. स्कूटर वळणापलीकडे गेली, तेव्हा रस्त्यावर कोणी नाही असं बघून मी तो प्रश्न एकदा म्हणून पाहिला, आवाज खाली आणून, जमेल तितका मऊ. ‘जेवलात का?’ पुन्हा म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. दर वेळी तो झडती घेतल्यासारखाच तोंडातून निघत होता.